वाचकांचे प्रश्न : पथनाट्याची तालीम, शरीर आणि मन

पथनाट्याच्या तालमीने अंगाला आणि मनाला काय होतं, याबद्दल मागच्या अंकात वाचकांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतून पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत, पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं पथनाट्याचे प्रशिक्षक आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून दिली आहेत. बहुतेक पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली: कलाकाराला तापवायचं कसं हे सगळ्या गटांना ठाऊक आहे, पण तालीम किंवा प्रयोग संपल्यावर त्याला खाली कसं आणायचं, याला कुठेच वेळ ठेवलेला नाही. उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर डिसेंबरात आहे. पथनाट्य बसवायचं आहे. सर म्हणतात, रोज आधी दीड तास शरीराचं काम घ्या. म्हणजे नेमकं काय घ्यायचं? पीटी घेतली की पोरं कंटाळतात.
– विद्यार्थी प्रतिनिधी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

पीटीत शिट्टी वाजली की सगळ्यांचे हात एकदम वर जातात. हात वर जाताना कुणाचा खांदा कुठे अडला, हे कुणी विचारत नाही. तुम्हाला तेच विचारायचं आहे.

शरीराची जाणीव म्हणतो तेव्हा त्यात दोन गोष्टी येतात. एक, स्नायू आणि सांध्यांतून येणारी खबर: डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, वजन कोणत्या पायावर आहे हे कळणं. दुसरी आतली खबर: ठोके, श्वास, भूक, पोटातला गोळा. पथनाट्यात प्रेक्षक चारही बाजूंना असतात, पाठीलाही अभिनय करावा लागतो, त्यामुळे पहिली जाणीव सरावाने लवकर तयार होते. दुसरी मात्र कुणी मुद्दाम विचारल्याशिवाय जागी होत नाही.

जागा आधी झाडून घ्या. मैदानात गोखरूचे काटे असतील तर अनवाणी काम होणार नाही आणि सगळ्यांचं लक्ष तळपायातच राहील. पहिली 15 मिनिटं नुसतं चालायचं. एक ते पाच असे वेग ठरवा, एक म्हणजे अगदी सावकाश, पाच म्हणजे जवळजवळ धावणं. टाळी वाजली की जागच्या जागी थांबायचं आणि न हलता तपासायचं: वजन टाचेवर की चवड्यावर, दात आवळलेत का, खांदे कानांकडे चढलेत का, श्वास रोखलाय का. दुरुस्ती लगेच करायची नाही. आधी फक्त नोंद.

पुढची 10 मिनिटं आवळणं-सोडणं. मुठी, खांदे, चेहरा, पोट, मांड्या आणि शेवटी पाय, या क्रमाने. प्रत्येक ठिकाणी 5 ते 7 सेकंद आवळायचं आणि 20 ते 30 सेकंद सैल सोडायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सोडायचा वेळ कापणं. पुढारी घाईत ‘सोडा, पुढे’ म्हणतो आणि सैलपणा म्हणजे काय हे कळायच्या आतच पुढचा स्नायू आवळला जातो. मानेला पूर्ण जोर लावू नका. पिंढरीत गोळा येतो, म्हणून पाय आवळताना जोर निम्माच ठेवा.

मग 15 मिनिटं आरसा. जोडीत समोरासमोर उभं राहून एकाने हलायचं, दुसऱ्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. पाच मिनिटं एक, पाच मिनिटं दुसरा, शेवटची पाच मिनिटं कुणीच पुढारी नाही. पोरं हसतात ती वेग जास्त ठेवला म्हणून; वेग निम्मा करा, हसणं आपोआप थांबतं. त्यानंतर 10 मिनिटं तळहात: एकाचा तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून एक वीत अंतरावर. हात जिकडे जाईल तिकडे चेहरा जातो, अंतर तेवढंच राहतं. यात कधी वापरात न येणारे स्नायू कामाला लागतात. हा खेळ ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल (1931–2009) यांच्या पद्धतीतला आहे. रोजचं काम स्नायूंना ठरावीक साच्यात बसवतं आणि तो साचा सुटल्याशिवाय दुसरं पात्र अंगात येत नाही, असा त्यांचा विचार होता. तो तुमच्या शिबिराला तंतोतंत लागू पडतो. डिसेंबरात कापूस वेचणी चालू असते. सकाळी वेचणी करून आलेल्या मुलामुलींची कंबर आणि खांदे पुढे वाकून आखडलेले असतात. त्यांना पुन्हा खाली वाकायला लावू नका. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं, कंबरेवर हात ठेवून हलकं मागे झुकणं, हे त्यांच्या कामाचं.

यापुढे 10 मिनिटं आवाज (त्याचं वेगळं पत्र खाली आहे) आणि 15 मिनिटं पुतळे. चार-पाच जणांचा गट करून एक प्रसंग द्या, म्हणजे ‘बाजार समितीत ओला म्हणून सोयाबीन परत पाठवलं’. सगळ्यांनी गोठून चित्र करायचं. गोठलेल्या स्थितीतच एकेकाला विचारा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान सर’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘कुठं वाटतंय?’ विचारा. छातीत, गळ्यात, पोटऱ्यांत, जिथे असेल तिथे. जड की हलकं, गरम की गार. या प्रश्नाने पुतळ्यांचा खेळ शरीराच्या जाणिवेचा होतो, नाहीतर तो नुसता फोटो राहतो.

उरलेली 15 मिनिटं उतरणीची, आणि ती शेवटी वेळ उरला तर घ्यायची नाहीत, आधीच राखून ठेवायची. जमिनीवर बसून किंवा पडून श्वास आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा ते आठ मोजेपर्यंत. श्वास सोडताना ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं हे, पाच मिनिटं गप्प पडून राहणं, आणि पाच मिनिटं प्रत्येकाने एक वाक्य: आल्यावर अंग कसं होतं, आता कसं आहे.

फरक पडतोय का हे पाहायचं असेल तर पहिल्या आणि सातव्या दिवशी एक साधी चाचणी घ्या. मुलाने नाडीला हात न लावता 30 सेकंद आपले ठोके मोजायचे, त्याच वेळी जोडीदाराने त्याची मनगटावरची नाडी मोजायची. दोन आकड्यांतलं अंतर लिहून ठेवा. दोन अटी आहेत. आकडा अंदाजाने सांगायचा नाही, खरंच जाणवले तेवढेच ठोके सांगायचे. आणि ज्याला घाबरं होण्याचे झटके येतात त्याला ही चाचणी देऊ नका.

माही पोरगी बारावीले हाय. पथनाट्यात जाते. प्रयोग झाला का घरी येऊन कोनाशी बोलत नाही, छातीत धडधड होते म्हनते, बारा-एक वाजेपर्यंत झोपत नाही. बंद करू का तिचं?
– एक आई, ता. अचलपूर, जि. अमरावती

ताई, लगेच बंद करू नका. अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलणं हा माणसाच्या शरीरावर येणारा मोठा ताण आहे. प्रयोगशाळेत माणसाला ताण द्यायचा असतो तेव्हा संशोधक हेच करतात: परीक्षकांसमोर 5 मिनिटं भाषण आणि पुढे 5 मिनिटं तोंडी वजाबाकी. त्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, प्रसंग संपल्यावरही 10-20 मिनिटं चढतच राहतं आणि उतरायला साधारण तासभर लागतो. तुमची लेक प्रयोग संपल्या संपल्या ऑटोत बसून घरी येत असेल, तर तिच्या अंगातला प्रयोग तेव्हा संपलेला नसतो.

तिच्या गटाला सांगा की शेवटच्या घोषणेनंतर 20 मिनिटं कुणी जायचं नाही. आधी हातपाय झटकत चालायचं, मग हातपाय-तोंड धुवायचं, लांब श्वास सोडायचा, काहीतरी खायचं. घरी आल्यावर तुम्ही ‘कसा झाला प्रयोग?’ असं लगेच विचारू नका, जेवायला वाढा. संध्याकाळच्या प्रयोगानंतरचा चहा बंद करा; चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही अर्धं अंगात असतं. रात्री व्हिडिओ पाहत बसणंही झोप लांबवतं, आपल्याच प्रयोगाचा व्हिडिओ असेल तर जास्तच.

प्रयोग नसलेल्या दिवशीही धडधड होत असेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली असेल, जेवण तुटलं असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं ती बोलली, तर मग हे पथनाट्यापुरतं नाही. तेव्हा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत.

आमच्या युवा मंडळाने शेतकरी आत्महत्येवर पथनाट्य बसवलं. शेतकऱ्याचं काम करणाऱ्या मुलाच्या घरात चार वर्षांपूर्वी तेच घडलं आहे. तो म्हणतो, मीच करणार, मला मोकळं वाटतं. पण प्रयोगानंतर तो एकटाच बांधावर जाऊन बसतो. काय करावं?
– मंडळाचा कार्यकर्ता, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

मोकळं वाटतं असं तो म्हणतो, त्यावर विश्वास ठेवा. तो एकटा बसतो, त्याचीही दखल घ्या. दोन्ही खरं असू शकतं. दाटलेलं दुःख अंगातून बाहेर येताना त्या क्षणाला हलकं वाटतं; पण तेच दुःख आठवड्यातून चारदा, अनोळखी गावात, टाळ्यांमध्ये बाहेर काढलं आणि नंतर कुणी जवळ बसलं नाही, तर ते हलकं होत नाही, गिरवलं जातं.

काम त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका. त्याला एकट्याने, गटासमोर नाही, विचारा: प्रयोगाच्या आदल्या रात्री झोप लागते का? प्रयोगात कधी असं होतं का, की समोर प्रेक्षक आहेत हेच विसरायला होतं? आणि स्पष्ट विचारा: स्वतःला संपवावं असा विचार येतो का? हा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरतो अशी भीती अनेकांना असते, ती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्या दिवशी प्रयोग नाही, तो एकटा नाही, आणि 14416 किंवा जिल्हा रुग्णालय त्याच दिवशी.

उत्तर ‘नाही’ आलं आणि त्याला काम करायचंच असेल तर भूमिका दोघांत वाटा, आलटून पालटून. दिवसाला एकाहून जास्त प्रयोग त्याने करू नये. पात्राचं नाव, गाव, पिकं त्याच्या घरापेक्षा वेगळी ठेवा. वडिलांचा प्रसंग असेल तर त्याला शेतकऱ्याऐवजी शेजाऱ्याचं, सूत्रधाराचं काम करून पाहू द्या. विषय तोच राहतो, अंग मात्र त्या जागी जात नाही.

प्रत्येक प्रयोगानंतर पात्र उतरवणं सक्तीचं करा, सगळ्यांसाठी, म्हणजे तो एकटा वेगळा पडणार नाही. डोक्याचा रुमाल, काठी, जे काही पात्राचं असेल ते काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. स्वतःच्या पिशवीत ठेवायचं नाही. हातपाय आणि तोंड धुवायचं. मग गोलात बसून प्रत्येकाने आपलं खरं नाव, गाव आणि आज रात्री घरी काय जेवणार हे मोठ्याने सांगायचं. मग पात्राची एक गोष्ट जी आपल्यासारखी आहे आणि तीन गोष्टी ज्या आपल्यासारख्या नाहीत. तीनच का, तर वेगळेपण जास्त मोजायचं असतं. नंतर एकत्र खाणं, आणि त्या मुलासोबत घरापर्यंत एक जण. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. यातला कंटाळवाणा वाटणारा भाग म्हणजे नाव-गाव सांगणं. गट तोच गाळतात. गाळू नका. पात्राच्या आवाजात नाव सांगितलं जातंय का हे त्यातूनच कळतं.

आता नाटकाबद्दल, कारण समोरच्या गर्दीतही त्याच्यासारखी घरं बसलेली असतात. आत्महत्येची कृती, साधन, जागा दाखवू नका. बाटली, दोर यांपैकी काहीही रिंगणात येता कामा नये, सूचकपणेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रंगमंच आणि पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचाही हाच आग्रह आहे. एकच कारण दाखवू नका, सावकार आला आणि माणूस गेला असं होत नाही. मेल्यावर गावाला जाग आली, कर्ज फिटलं, सगळे रडले, हा शेवट तर पूर्ण टाळा; त्यातून मरणाने काहीतरी साधतं असा अर्थ निघतो. त्याऐवजी त्या टोकापर्यंत गेलेला आणि परत वळलेला माणूस दाखवा: कुणाशी बोलला, कोण सोबत बसलं, कुठे गेला. ऑस्ट्रियातल्या बातम्यांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बातम्यांत माणूस संकटातून सावरतो, त्यांच्यानंतर आत्महत्या कमी झाल्याचं त्यात दिसलं. प्रयोग संपताना 14416 हा आकडा तीनदा, सावकाश म्हणा आणि फलकावर तो हातभर उंचीचा लिहा. गटातल्या दोघांनी अर्धा तास तिथेच थांबायचं. बोलायला येणारा माणूस गर्दी पांगल्यावरच येतो.

आश्रमशाळेत नववीच्या मुलींसोबत डोळे मिटून विश्वासाचे खेळ घेतले. एक मुलगी थरथर कापायला लागली, दुसरी रडली. पुन्हा घेऊ की नको?
– शिक्षिका, ता. धानोरा, जि. गडचिरोली

मॅडम, खेळ घ्या, पण डोळे मिटणं आणि स्पर्श या दोन्ही गोष्टी ऐच्छिक करा. लक्ष आत वळवलं की सगळ्यांना शांत वाटतं असं नाही. ज्या मुलीला धडधड म्हणजे धोका असं कळलेलं आहे, तिला आतली खबर जास्त ऐकू आली तर भीतीच वाढते. अशा मुलीला आधी बाहेरची खबर द्या: तळपायाला लागणारी माती, हातातला दगड, ऐकू येणारे पाच आवाज. डोळे मिटण्याऐवजी नजर दोन हात पुढे जमिनीवर ठेवायची. पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही. मागे पडून झेलण्याचा खेळ पहिल्या महिन्यात नकोच.

‘नको’ म्हणायचा सराव हाच पहिला खेळ करा: जोडीत एक जण चालत येते, दुसरी हात वर करून थांबवते, आणि पहिली तिथेच थांबते. हे पाच-सहा दिवस केलं की पाठ वाकवून, ओढणी सावरत उभ्या राहणाऱ्या मुलींचे खांदे उघडायला लागतात, ‘ताठ उभी राहा’ न सांगता. सैल सलवार-कमीज आणि ओढणी कंबरेला बांधलेली, एवढा पोशाख पुरे. पाळीच्या दिवसांत कुणी बसून पाहिलं तर कारण विचारू नका.

कापणाऱ्या मुलीशी त्या दिवशी तुम्ही बोललात का? नसाल तर आता बोला, वर्गात नाही. घडलेलं काही सांगितलं तर ते नाटकात वापरायचं नाही. अत्याचाराचं असेल तर गप्प राहणं कायद्यानेही चालत नाही, चाइल्डलाइन 1098.

दोन प्रयोगांनंतर घसा बसतो. काय घ्यावं?
– कलाकार, ता. मेहकर, जि. बुलढाणा

घेण्यापेक्षा सोडायचं जास्त आहे. उघड्यावर आवाज परत येत नाही, अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि ट्रॅक्टर, डीजे वाजत असला की माणूस नकळत ओरडायला लागतो. म्हणून गोल लहान करा, सात-आठ पावलांचा, मागे भिंत मिळेल अशी जागा निवडा, डफ थांबल्यावरच संवाद घ्या. सुरुवातीच्या घोषणा एकट्याने देऊ नका, आठ जणांनी मिळून द्या. तयारीत ओठ मिटून गुणगुणणं 5 मिनिटं, मग मोठा आवाज. सारखं खाकरणं थांबवा, पाण्याचा घोट घ्या. कुजबुजही नको, तिनेही स्वरतंतूंवर ताण येतो. तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आमच्या झाडीपट्टीत दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) पिढ्यानपिढ्या होते. त्या लोकांनी कधी असे व्यायाम केले नाहीत. मग हे सगळं कशाला?
– वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

दंडारीत व्यायाम नाचाच्या आत आहे. रात्रभर एका ठेक्यावर सोबत पाय टाकणं हीच तालीम. एकत्र, एका लयीत हालचाल केल्याने वेदना सहन करायची ताकद आणि आपलेपणा वाढतो, हे नाच आणि वल्हवण्यावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. आणि तिथे उतरणही आहे: मंडईत (गावच्या जत्रेत) खेळ संपला तरी माणसं पहाटेपर्यंत शेकोटीभोवती बसतात, चहा होतो, चेष्टा होते. कॉलेजचा गट मात्र दहा दिवसांत तयार होतो आणि प्रयोग झाला की ज्याच्या त्याच्या गाडीने पांगतो. त्यांना तीच गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. तुमच्याकडे दंडार येणाऱ्याला आरसा, तळहात शिकवायची गरज नाही. उलट त्याला गटाचा ठेका सांभाळायला द्या.

पथनाट्य केलं की नैराश्य बरं होतं असं ऐकलं. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करता येतील का?
– वाचक, जि. वाशीम

नाही. या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान गटांचे आहेत आणि लोकांनी स्वतः सांगितलेल्या बदलांवर उभे आहेत. आत्मविश्वास वाढणं, एकटेपणा कमी होणं, स्वतःचा ताण लवकर ओळखता येणं, इतकं त्यांतून दिसतं. त्यावर आजार बरा झाल्याचा दावा करता येत नाही. गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, झोप उडणं, चिडचिड असा त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच. तालमीला जरूर जा, गोळ्यांसोबत. झोप येणारी गोळी असेल तर तालीम सकाळी ठेवा आणि उड्या, उचलणं टाळा.

ऑगस्ट-सप्टेंबरात शेतातून फवारणी करून मुलं थेट तालमीला येतात. काहींना गरगरतं, घाम सुटतो. भीतीमुळे होतं का?
– गटप्रमुख, ता. केळापूर, जि. यवतमाळ

आधी विषबाधा समजा. 2017 च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून माणसं दगावली. स्टेजच्या भीतीतही घाम येतो, हात कापतात, मळमळतं. पण भीतीत तोंड कोरडं पडतं आणि बाहुल्या मोठ्या होतात. अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत उलट लाळ सुटते, डोळे-नाक वाहतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंधुक दिसतं, स्नायू फडफडतात. पण फवारणीच्या काही औषधांत ही लक्षणं अशी दिसत नाहीत, म्हणून बाहुल्या ठीक दिसल्या तरी थांबू नका. श्वासाचे व्यायाम, लिंबूपाणी, झोपवून ठेवणं, यात वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा (धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी), 108 ला फोन करा, औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांसाठी सोबत पाठवा. आणि नियमच करा: फवारणी केलेल्या दिवशी अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय रिंगणात यायचं नाही, त्या दिवशी फक्त वाचन. अंगाला अंग लागणारे खेळ दुसऱ्या दिवशी.